बोट दाखवून मोजलेली मेंढरं

स्पॅनिश शिकवत होतो असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे आणि मग साताऱ्याकडे बघतात. दोन्हींचा त्या भाषेशी संबंध काय, हे त्यांना कळत नाही. त्यांचं चुकतं असंही नाही. मला स्वतःला ते कळायला बरीच वर्षं गेली.

झालं असं की सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्याला फ्रेंचच्या वर्गात नाव घालायला गेलो आणि चुकीच्या रांगेत उभा राहिलो. रांगेत मी एकटाच होतो, यावरून तरी शंका यायला हवी होती. खिडकीतल्या कारकुनाने पावती हातात दिली तेव्हा तिच्यावर स्पॅनिश होतं. पावती परत करायचा मला संकोच वाटला. माझं निम्मं आयुष्य अशा संकोचांनीच घडवलं आहे. दोन वर्षं दर आठवड्याला पुण्याच्या खेपा घातल्या, प्रमाणपत्र मिळवलं आणि साताऱ्याच्या शाळेतलं इंग्रजी सांभाळून संध्याकाळी स्पॅनिशचा वर्ग काढला. पुढे रविवारी सांगलीलाही जाऊ लागलो.

सांगलीच्या वर्गात अकरा जण होते. पोस्टाची तिकिटं जमवणारे एक वकील होते, लष्करातून परतलेले एक सुभेदार होते, आणि खिडकीपाशी बसायच्या त्या कुमुदिनीबाई. मूळच्या खंडाळ्याच्या, मिरजेत नर्स. स्पॅनिश बोलणाऱ्या एका देशातल्या रुग्णालयाकडे त्यांनी अर्ज केला होता. देश कुठला, ते त्यांनी सांगितलं नव्हतं. नजर लागते म्हणायच्या.

आता धंद्यातली गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. स्पॅनिश भाषा नामाला अनवाणी घराबाहेर पडू देत नाही. आपण खुशाल म्हणतो, 'खुर्ची आण.' कुठली, कसली, ते ऐकणाऱ्याने बघून घ्यावं. स्पॅनिश माणसाला खुर्चीआधी एक छोटा शब्द लावावाच लागतो. कुठलीही एखादी असेल तर 'उना', तुम्हाआम्हाला ठाऊक असलेली ती असेल तर 'ला'. पुल्लिंगी नाम असेल तर तसंच 'उन' आणि 'एल'. अनेकवचनाची भानगड आणखी वेगळी.

लिंगं फक्त दोन, हे ऐकून वर्ग आधी खूश व्हायचा. मग आपल्या नपुंसकलिंगी मंडळींचं काय करायचं, हा प्रश्न यायचा. आपलं दूध तिकडे स्त्रीलिंगी, झाड पुल्लिंगी, घर परत स्त्रीलिंगी. पाणी स्त्रीलिंगीच, पण त्याच्यापुढे शब्द लावायचा तो पुल्लिंगी! सुभेदारांनी वही मिटून ठेवली होती. "मास्तर," ते म्हणाले, "पलटणीत असला गोंधळ घातला असता तर कोर्टमार्शल झालं असतं."

कुमुदिनीबाईंनी मात्र एकदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत शांतपणे विचारलं, "म्हणजे सर, आपल्या गोष्टीतल्यासारखंच ना? आधी 'एक राजा होता', आणि मग 'त्या राजाला दोन राण्या होत्या.' एकदा ओळख झाली की 'एक' सुटतो आणि 'तो' लागतो."

"अगदी हेच मी आता सांगणार होतो," मी म्हणालो.

मी हे मुळीच सांगणार नव्हतो. मला ते सुचलंही नव्हतं. दुसऱ्याचं शहाणपण आपल्या नावावर लावायची ही माझी जुनी सवय. याच सवयीने पुढे मला एक थाप मारायला लावली. ती थाप कबूल करण्यासाठीच आज लिहायला बसलो आहे. पण त्यासाठी आधी माणदेशात जावं लागेल.

दुष्काळ नुकताच सरला होता. दहिवडीच्या बाजूला एका मेंढी केंद्रात स्पेनहून एक पाहुणे पशुवैद्य आले. नाव दोन अन्सेल्मो. 'दोन' हा आकडा नव्हे, तिकडचा 'राव' आहे तो. साठीचा, उंच, मिशाळ माणूस. त्यांच्यासोबतचा दुभाषी मुंबईतच आजारी पडला आणि केंद्राच्या साहेबांचा माणूस मला शोधत शाळेत आला.

एक गोष्ट कबूल करतो. तोवर जन्माने स्पॅनिश असलेल्या कुठल्याच माणसाला बोलताना मी ऐकलं नव्हतं. आमच्या पुण्याच्या बाई सदाशिव पेठेतल्या. त्यांची स्पॅनिश शुद्ध होती आणि सावकाश होती. दोन अन्सेल्मोंची स्पॅनिश माझ्या कानावरून पाखरांच्या थव्यासारखी गेली. मी मान डोलावली आणि रात्रभर पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं, "सोय एल प्रोफेसोर!"

ते थांबले. मिशीत हसले. सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्यांनी विचारलं, "एल? म्हणजे सगळ्या देशात मिळून एकच?"

मी 'मी शिक्षक आहे' असं सांगायच्या ऐवजी 'तो सुप्रसिद्ध शिक्षक तो मीच' असं सांगितलं होतं. धंदा सांगताना तो छोटा शब्द लावायचा नसतो. वर्गात हा नियम मी फळ्यावर लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"साताऱ्यात तरी एकच," मी म्हणालो. तेव्हापासून ते माझ्याशी सावकाश बोलू लागले. माझं काम त्या चुकीने सोपं केलं.

केंद्राकडे विलायती जातीचा एक जोमदार मेंढा होता. तो दोन वर्षांसाठी एका मेंढपाळाच्या कळपात द्यायचा होता. कुणाला, ते पाहुण्यांनी कळप बघून ठरवायचं होतं. नावं दोन होती. पहिल्या माणसाचा कळप सकाळीच बघून झाला. त्याचा फॉर्म भरलेला, अंगठा उठवलेला, सगळं चोख. दुसरा म्हाकूबा. पन्नाशी ओलांडलेला, तांबडं मुंडासं, बोलणं कमी. त्याचा स्वतःचा मेंढा दुष्काळात गेला होता. उसना मेंढा मिळाला तर मिळाला, नाहीतर पुढच्या साली कोकरं नाहीत. त्याचं सगळं त्या मेंढ्यावर अवलंबून होतं.

आणि त्याच्या फॉर्मवर एक रकाना कोरा होता. 'एकूण मेंढ्या.'

"किती आहेत रे?" साहेबांनी विचारलं.

"हायती की," म्हाकूबा म्हणाला.

"अरे, पण किती?"

"समद्या हायती."

त्याची बायको हिराबाई वाघरीपाशी, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीपाशी, उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "आवं सायेब, मेंढरं मोजत नसत्यात. बोट दावून मोजलं की एक घटतं. आमच्यात कुनीबी मोजत न्हाई."

"मग हरवलं तर कळतं कसं?"

म्हाकूबाने साहेबांकडे कीव आल्यासारखं बघितलं. "तुमच्या घरातलं मानूस न्हाई दिसलं तर तुमी मोजून बगता व्हय?"

साहेब वाईट नव्हते. पण रकाना कोरा राहिला तर फॉर्म पुढे जाणार नाही, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. दुपारी दोन वाजता पाहुणे निघणार होते. म्हणजे मेंढा पहिल्या माणसाचा.

इथे माझ्या डोक्यात एक युक्ती आली. युक्त्या माझ्या डोक्यात नेहमी इतरांच्या नुकसानीसाठी येतात. मी विचार केला, मराठीत मोजलं तर घटतं, ठीक आहे. स्पॅनिशमध्ये मोजलं तर कुणाला कळणार? माणदेशातल्या कुठल्या देवाला स्पॅनिश येत असल्याचं निदान माझ्या ऐकिवात नव्हतं. मी कळपाच्या कडेला उभा राहिलो आणि पाहुण्यांशी गप्पा मारल्याचा आव आणून सुरू केलं, "उनो, दोस, त्रेस..." मेंढरं हलत होती म्हणून तर्जनीने एकेकीवर टिंब ठेवत गेलो. त्रेसष्ट. चौसष्ट. पासष्ट.

"आवं! त्यो मास्तर मोजतोय!" हिराबाई किंचाळली.

"नाही हो, बाई," मी म्हणालो, "मी पाहुण्यांच्या भाषेत बोलतोय."

"भाषा कोंचीबी असू द्या! बोट तर हितलंच हाय न्हवं!"

 मी बोट खिशात घातलं.

म्हाकूबा पुढे आला. त्याने काठीवर हनुवटी टेकवली आणि कळपावरून एकदा नजर फिरवली. डावीकडून उजवीकडे, एवढंच. फळा पुसायला लागतो तेवढासुद्धा वेळ लागला नसेल. मग त्याचा चेहरा बदलला.

"टिकली न्हाई," तो म्हणाला.

"घटली बगा!" हिराबाईने कपाळावर हात मारला. "म्हटलं न्हवतं? लय शानी मानसं आली!"

टिकली नावाची ती मेंढी मी बोट लावल्यामुळे गेली नव्हती, हे आज मी म्हणू शकतो. त्या वेळी मी खिशातलं बोट मुठीत दडवलं. मी दोन अन्सेल्मोंना सांगितलं, एक मेंढी दिसत नाही. 'उना ओवेखा.'

"कुठली?" त्यांनी लगेच विचारलं.

मी म्हाकूबाकडे वळलो. तो म्हणाला, "कपाळावर पांढरा ठिपका. डावा कान फाटका, काटेरी तारंत आडकला हुता. आई दुस्काळात मेली, हिला माझ्या बायकुनं शेळीच्या दुधावर वाडवली. गाभन हाय. आज-उद्यावर आली हुती."

ठिपका मला सांगता आला. कान सांगता आला. 'गाभण' हा शब्द सदाशिव पेठेत शिकवला नव्हता. मी दोन्ही हातांनी स्वतःच्या पोटापुढे मोठा घुमट काढला, थोडा कण्हलो आणि पाहुण्यांकडे आशेने बघितलं. त्यांनी काळजीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांना वाटलं, मलाच काहीतरी होतंय. साहेब जीपमधून पाण्याची बाटली घेऊन धावले. शेवटी मी खाली बसून "बें" केलं तेव्हा दोन अन्सेल्मो ओरडले, "आ! ला प्रेन्यादा!" आणि कोट काढून माझ्या हातात दिला. म्हाकूबा तोवर चालू लागला होता.

तो इकडेतिकडे शोधत गेला नाही. सरळ माळ ओलांडून एका ओघळीकडे गेला. "तिला एकलं बसायची खोड हाय," एवढंच म्हणाला. ओघळीतल्या करंजाच्या सावलीत टिकली आडवी पडली होती. अडली होती. कोकराचा एकच पाय बाहेर आला होता.

पुढचा पाऊण तास माझ्याकडे काम नव्हतं. स्पेनचा कोट, स्पेनची टोपी आणि साहेबांची पाण्याची बाटली एवढं घेऊन मी करंजाखाली उभा होतो. दोन अन्सेल्मोंनी कोपरापर्यंत हात साबणाने धुतले. म्हाकूबाने टिकलीचं डोकं मांडीवर घेतलं. एक स्पॅनिश बोलत होता, दुसरा माणदेशी. "आता वडू नगासा, थांबा," म्हाकूबा म्हणायचा आणि ते थांबायचे. ते काहीतरी पुटपुटायचे आणि म्हाकूबा टिकलीची कूस दाबून धरायचा. मी एकदा भाषांतर करायला तोंड उघडलं तर दोघांनीही एकदमच हाताने गप्प केलं. दुभाषी म्हणून माझी ती सर्वांत यशस्वी कामगिरी असावी.

कोकरू बाहेर आलं ते निपचित. म्हाकूबाने त्याचं नाक पुसलं, तोंडात फुंकर मारली, मागचे पाय धरून एकदा हलकेच झुलवलं. काही नाही. दुसऱ्यांदा झुलवलं. मग ते शिंकलं. साहेबांनी, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याने, टाळी वाजवली.

सगळे तिथेच मातीत बसले. दोन अन्सेल्मोंनी हात पुसत मला जे सांगितलं ते त्यांनी फारच सावकाश सांगितलं, म्हणून मला शब्दन् शब्द कळला. त्यांचे आजोबा मेंढपाळ होते. त्यांनाही सगळ्या मेंढ्या तोंडावरून ठाऊक असत. "मी कॉलेजात गेलो," ते म्हणाले, "आणि मोजायला शिकलो." मग माझ्याकडे बघून मिशीत हसले. "तुम्ही म्हणालात 'उना ओवेखा', कुठली तरी एक मेंढी. या माणसाने आज सकाळपासून एकदाही 'उना' म्हटलेलं नाही, प्रोफेसोर. त्याच्याकडे 'उना' नाहीच. सगळ्या 'ला' आहेत."

मी दोन वर्षं पुण्याला खेपा घातल्या होत्या, पुढे दोन वर्षं शिकवलं होतं. फळ्यावर रेघा ओढल्या होत्या. हे मला करंजाखाली कोट धरून बसलेलो असताना कळलं.

त्यांनी साहेबांकडून फॉर्म मागून घेतला. 'एकूण मेंढ्या' या रकान्यात एक शब्द लिहिला आणि खाली सही केली.

"तोदास," साहेबांनी अक्षरं लावून वाचलं. "हा किती आकडा झाला, सर?"

"सगळ्या," मी म्हणालो.

साहेबांनी डोकं खाजवलं. मग म्हणाले, "फॉर्ममध्ये रकाना कोरा नसावा एवढंच लिहिलंय. कोरा तर नाहीये." मला त्या साहेबांबद्दल फार आदर आहे.

मेंढा म्हाकूबाकडे गेला. निघताना मी हिराबाईची माफी मागितली. ती कोकराला पदराने पुसत होती. "मादी हाय," ती म्हणाली. "नाव ठिवलंय. मास्तरीन. सारकी बें बें करती, कुनाला काय कळत न्हाई."

पुढच्या हिवाळ्यात म्हाकूबा कळप घेऊन कृष्णाकाठी उतरला. तोडणी झालेल्या उसाच्या रानात मेंढरं बसवायची, शेताला खत मिळतं, शेतकरी धान्य देतो, अशी त्यांची पद्धत. सांगलीजवळ मुक्काम पडला तेव्हा विचारत विचारत तो माझ्या रविवारच्या वर्गात आला. काखेत नवं घोंगडं. मेंढ्याने कळप भरून टाकला होता, कोकरं झाली होती, ते सगळं त्याने दारातच सांगितलं. घोंगडं माझ्या हातात दिलं. "ह्यात मास्तरनीची लोकर हाय," तो म्हणाला. "पयली कातरनी."

वर्ग संपेपर्यंत तो मागच्या बाकावर बसून राहिला. मी त्या दिवशी मोठ्या झोकात त्याचीच गोष्ट सांगून 'उना' आणि 'ला' शिकवलं. शिक्षकाला सगळे विद्यार्थी 'एल' आणि 'ला' असले पाहिजेत, असंही एक वाक्य टाकलं. सुभेदारांनी ते वहीत लिहून घेतलं.

पुढच्या रविवारी कळप हलणार होता म्हणून म्हाकूबा निरोप घ्यायला आला. वर्ग सुरू होता, हजेरी झाली होती. त्याने दारातून आत एकदा नजर फिरवली, डावीकडून उजवीकडे. मला ती नजर ओळखीची होती.

"मास्तर, ती न्हाई?"

"कोण?"

"खिडकीपाशी बसती ती. बोलताना पदर बोटाला गुंडाळती. मागल्या खेपंला खोकत हुती."

मी खिडकीकडे बघितलं. जागा रिकामी होती. मग टेबलावरच्या हजेरीकडे बघितलं. अकराच्या अकरा नावांपुढे मी खूण करून ठेवली होती. दर रविवारी सगळे यायचे, म्हणून मान वर न करता खुणा करत जायची मला सवय लागली होती.

"खोकला बरा नव्हता त्यो," म्हाकूबा म्हणाला. "बगून या."

वकीलसाहेबांची मोटार होती. तिच्यातून वकील, सुभेदार आणि मी मिरजेला गेलो. कुमुदिनीबाईंनी आठ दिवसांची रजा काढली होती. रुग्णालयात सगळ्यांना वाटत होतं, त्या खंडाळ्याला घरी गेल्या. घरच्यांना वाटत होतं, त्या कामावर आहेत. गावभर दवाखाने असलेल्या मिरजेत एक नर्स भाड्याच्या खोलीत तीन दिवस तापाने एकटी पडली होती. दार उघडायला त्यांना भिंत धरत यावं लागलं. न्यूमोनिया निघाला. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

त्या बऱ्या झाल्या. पुढे त्या देशातही गेल्या. तिथून त्यांचं पहिलं पत्र आलं, त्यात सगळे छोटे शब्द जागच्या जागी होते. पण मला सांगायचंय ते त्या रुग्णालयातल्या तिसऱ्या दिवसाबद्दल. मी मोसंबी घेऊन भेटायला गेलो होतो. त्या उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज फार बारीक झाला होता.

"सर," त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्गात मी एकटी आले नाही, ते तुमच्या लक्षात आलं?" आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी म्हणालो, "म्हणजे काय! येणारच."

बाई, हा अंक तुमच्यापर्यंत पोचला तर ऐका. माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी तुमच्या नावापुढे हजर अशी खूण करून मोकळा झालो होतो. लक्षात आलं ते एका मेंढपाळाच्या.

त्या मेंढपाळाच्या.